गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड वांझ का निघते?

आपल्या गाईला गोऱ्हा आणि कालवड अशी जुळी झाली असून गर्भातील संप्रेरकांमुळे कालवड खरोखर वांझ होते का आणि हा परिणाम केव्हा सुरू होतो, असे आपण विचारले आहे. होते, आणि बहुतेक वेळा गर्भ बोटाच्या पेराएवढा असतानाच तिचे भवितव्य ठरते.

जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या गाभणपणाच्या साधारण तिसाव्या ते चाळिसाव्या दिवसांत एकमेकींना जोडल्या जातात आणि त्याच सुमारास नरगर्भात वृषण घडू लागते. त्यातून स्रवणारे एएमएच (मादीची जननेंद्रिये घडू न देणारे अँटी-म्युलेरियन हार्मोन) हे संप्रेरक बहिणीच्या रक्तात उतरले की तिच्या गर्भपिशवीची वाढ खुंटते आणि बीजांडकोश खुरटे राहतात. रक्तवाहिन्यांचा हा दुवा प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी शिकागोत १९१६-१७ मध्येच मांडला होता; तरीही आपल्याकडे दोष पेंडीला, खनिज मिश्रणाला किंवा रेतन करणाऱ्याला दिला जातो.

आमच्या गोठ्यातही अशीच कालवड होती. पशुवैद्यकांनी गुळगुळीत काचनळी हलकेच योनीमार्गात सरकवली, तर ती थोड्याच अंतरावर अडली. निरोगी वासरात ती तेरा ते पंधरा सेंटिमीटर जाते. योनीमुखाशी केसांचा झुपकाही होता. कालवड ठेवू नये, असे मी तेव्हाच सांगितले. परंतु थोरले बंधू म्हणाले, "नळीने कुठे वांझपण मोजतात का? एवढी देखणी कालवड आहे, येईल माजावर." ती अंगाने भरली, पेंड आणि हिरवा चारा फस्त करीत राहिली, मात्र माजाचा सोट, म्हणजे चिकट स्राव, कधी दिसला नाही. पुढे तपासणीत गर्भपिशवीच्या जागी दोऱ्यासारखी तात हाताला लागली, तेव्हाही बंधूंनी रेतनवाल्यालाच बोल लावला.

म्हणून पहिल्या महिन्यातच पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, नळीचा प्रयोग स्वतः करू नये, आणि कुणी वडीलधारे "वाट पाहू" म्हणाले तर पेंडीचा खर्च त्यांच्या नावे मांडावा. अर्थात, रक्तवाहिन्या जुळल्याच नसतील तर कालवड चांगली निघते. अशा कालवडी दहात एखादी, म्हणून रक्ततपासणी केल्यावाचून विकू नये. उलट, जुळा नरगर्भ मध्येच दगावला असेल, तर एकटी जन्मलेली कालवडही वांझ निघू शकते.