लसीनंतरचा ताप : चमचा नको, वजन पाहा

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा असून त्याचे वजन सहा किलो आहे. गेल्या आठवड्यात गावच्या उपकेंद्रात त्याला तिसरी पेंटा दिली. संध्याकाळी अंग तापले, डावी मांडी सुजली आणि रात्रभर तो किरकिरत राहिला. सिस्टरांनी ताप आल्यास पॅरासिटामॉल द्यायला सांगितले होते. घरात मोठ्या मुलीसाठी आणलेली बाटली होती, तीतले एक चमचा पाजले. सासूबाईंनी एरंडाचे पान गरम करून मांडीला बांधले आणि बाळाला गोधडीत गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण मांडीत सुपारीएवढी गाठ अजून हाताला लागते. सासूबाई आता म्हणतात, “पोऱ्याले आते सुई नको.” आमचे काही चुकले का?
— एक माता, चोपडा तालुका

उत्तर : ताप आला यात कोणाचेच काही चुकलेले नाही. चुकले असेल तर ते चमच्यात, आणि थोडे गोधडीत.

पेंटा या लसीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर) अशा पाच रोगांविरुद्धचे घटक एकत्र असतात. सरकारी लसीकरणात डांग्या खोकल्याचा घटक मारलेल्या अख्ख्या जिवाणूंचा असल्याने शरीर त्याची दखल जरा जोरात घेते, आणि ताप व मांडीची सूज ही मुख्यतः त्याचीच खूण असते. हा ताप बहुधा त्याच दिवशी सुरू होऊन एक-दोन दिवसांत उतरतो, तुमच्या बाळाचाही तसाच उतरला.

आता चमच्याविषयी. पॅरासिटामॉलची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते : दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बाळाला 60 ते 90 मिलिग्रॅम. दुकानात मात्र हे औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळते. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेले सिरप तुमच्या बाळाला साधारण अडीच ते साडेतीन मिलिलिटर लागेल. मोठ्या मुलांसाठीच्या बाटलीत तेवढ्याच 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असते, तिच्यातला पूर्ण चमचा म्हणजे बाळाच्या कमाल मात्रेच्या जवळजवळ तिप्पट औषध. आणि तान्ह्यांसाठी मिळणारे थेंबांचे औषध, जे नाजूक दिसते म्हणून सौम्य वाटते, तेच सर्वांत तीव्र असते : बहुतेक बाटल्यांवर 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असे छापलेले आढळेल, त्यामुळे ते सहा किलोच्या बाळाला 0.6 ते 0.9 मिलिलिटरच पुरते. शिवाय घरातला चमचा कधी पाच मिलिलिटरचा असतो, कधी आठचा. म्हणून मी पालकांना बाटली सोबत घेऊनच यायला सांगतो आणि सुई नसलेल्या सिरिंजवर पेनाने खूण करून देतो. तुम्ही एकदाच दिलेली जास्त मात्रा निभावून गेली आहे, पण तीच चूक दर काही तासांनी होत राहिली तर यकृताला इजा होऊ शकते. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नकोत. ॲस्पिरिन लहान मुलांना मुळीच देऊ नये. ताप येण्याआधीच औषध पाजून ठेवण्याचीही गरज नाही, आणि अंग नुसते कोमट असून बाळ हसत-खेळत दूध पीत असेल तर औषध न दिले तरी चालते.

गोधडीचे म्हणाल, तर आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरातले निरोगी बाळही तापल्यासारखे लागते. त्याला आणखी गुंडाळले की ताप वाढतो. एक पातळ सुती झबले पुरे. अंग पुसायचे तर साध्या पाण्याने पुसावे, बर्फाच्या नव्हे. अंगावरचे दूध नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे. उन्हाळा आहे म्हणून वरचे पाणी देण्याची पद्धत खानदेशात सर्रास दिसते, पण सहा महिन्यांपर्यंत लागणारे पाणी आईच्या दुधातून मिळते.

मांडीवर गार पाण्याची ओली पट्टी काही मिनिटे ठेवल्यास ठणका कमी होतो. शेकणे आणि चोळणे मात्र टाळावे. कोवळी कातडी पोळण्याची भीती एरंडाच्या गरम पानात असतेच. राहिलेली गाठ दुखत नसेल आणि लाल होत नसेल, तर ती लसीतल्या ॲल्युमिनियमच्या क्षारामुळे आलेली असते आणि काही आठवड्यांत आपोआप विरते.

सासूबाईंना सांगावे की असा साधा ताप हे पुढची लस टाळण्याचे कारण होत नाही, आणि 16 ते 24 महिन्यांदरम्यानचा बूस्टर चुकवू नये. पण टोचल्यानंतर बाळ तीन तासांहून अधिक अखंड रडत राहिले, निपचित किंवा निळसर पडले, झटके आले, दूध तोडले, अथवा ताप दोन दिवसांपलीकडे टिकला, तर घरी थांबू नये. अशा वेळी 108 क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या दवाखान्यात न्यावे आणि पुढच्या लसीआधी ही हकीकत सिस्टरांना आवर्जून सांगावी.

प्रश्न : जन्मानंतर टोचलेल्या बीसीजीच्या जागी दीड महिन्याने फोड येऊन पू झाला आहे. मलम लावावे का?
— एक वाचक, तळोदा

उत्तर : काहीही लावू नये : मलम नको, हळद नको, पावडर नको. फोड येणे, तो फुटणे आणि खपली धरून लहानसा वण राहणे हा या लसीचा ठरलेला क्रम आहे. त्याला दोन-तीन महिनेही लागतात. दाबू नये, आंघोळ नेहमीप्रमाणे घालावी. काखेत गाठ वाढताना दिसली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मुलीला नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस दिल्यावर पहिल्या दिवशी काहीच झाले नाही, पण आठव्या दिवशी ताप आणि अंगावर पुरळ आले. लसीनेच गोवर झाला का? शेजारी म्हणतात आंघोळ बंद करा.
— एक पालक, धुळे

उत्तर : या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो. शरीरात त्याची वाढ व्हायला वेळ लागत असल्याने त्रास उशिरा, साधारण सातव्या ते बाराव्या दिवसादरम्यान होतो आणि दोन-तीन दिवसांत मावळतो. खरा गोवर घरभर पसरतो, हे पुरळ भावंडांना होत नाही. आंघोळ, खाणे, अंगावरचे दूध, सारे चालू ठेवावे आणि तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. मूल मलूल झाले किंवा श्वास जोरात चालू लागला, तर मात्र ते लसीमुळेच झाले असे गृहीत न धरता त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण लसीच्या आठवड्यातही मुलाला दुसरा आजार होऊ शकतो.