उष्णतेचं ‘वहन’ होतं, म्हणजे नक्की काय वाहतं?

प्रश्न असा आहे: सळईचं एक टोक तापवलं की दुसरं टोकही तापतं, याला पुस्तकात उष्णतेचे ‘वहन’ म्हणतात. पण सळईत तर काहीच वाहत नाही. मग वहन कसलं? आणि हिंदीतलं ‘संवहन’ म्हणजे हेच का?

दुसऱ्या भागाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. हिंदीत वहनाला ‘चालन’ म्हणतात. पाणी किंवा हवा स्वतः हलून उष्णता नेते त्याला ते ‘संवहन’ म्हणतात, आपण ‘अभिसरण’. गोंधळ वाढतो तो ‘अर्धसंवाहक’सारख्या मराठी शब्दांमुळे, कारण तिथे ‘संवाहक’ हा वाहक याच अर्थी येतो. म्हणून घनपदार्थाबद्दल लिहिताना मी ‘संवहन’ टाळतो. साधं ‘वहन’ पुरतं.

आता मुख्य शंका. ‘वाहणे’ला मराठीत दोन अर्थ आहेत: नदी वाहते आणि बैल ओझं वाहतो. दोन्ही संस्कृत ‘वह्’ धातूचेच. एकीकडून प्रवाह आला, दुसरीकडून वाहन आणि वाहक. वहन शब्द ओझ्याच्या बाजूचा आहे. मात्र ओझं वाहणारा स्वतः चालत जातो, सळईतले अणू जात नाहीत. रांगेत उभ्या माणसांनी हातोहात पाट्या पुढे द्याव्यात, तसं ते चालतं. तापलेल्या टोकाचे अणू जागच्या जागी जास्त जोरात कंप पावतात आणि ती ऊर्जा शेजाऱ्याला देतात. धातूत मोकळे इलेक्ट्रॉनही असतात आणि तिथे बरंचसं काम तेच करतात.

नदीचा अर्थही अगदीच उपरा नाही. अठराव्या शतकात उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असं अनेक शास्त्रज्ञ मानत. ती कल्पना पुढे मोडीत निघाली, पण ‘उष्णतेचा प्रवाह’ ही भाषा टिकली. फूरिए या फ्रेंच गणितज्ञाचा 1822 सालचा ग्रंथ उष्णता म्हणजे काय या वादात न शिरता ती किती वेगाने जाते याचं गणित मांडतो, आणि ते आजही चालतं. त्यामुळे ‘उष्णता वाहते’ हे वाक्य मी चूक ठरवणार नाही. ‘वाहून नेली जाते’ हे जास्त नेमकं, पण बोलताना जड.

जाता जाता ‘सुवाहक’ आणि ‘दुर्वाहक’. दुर्वाहक म्हणजे उष्णता अजिबात न नेणारा, असा समज आढळतो. तसा पदार्थच नाही, फरक प्रमाणाचा आहे. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन, काचेची साधारण 1, लाकडाची त्याहूनही कमी. आणि नुसतं ‘सुवाहक’ लिहून भागत नाही, कशाचा तेही लिहावं: हिरा उष्णता तांब्याहून कितीतरी चांगली नेतो, वीज मात्र सहसा नेत नाही.