तारीख टाक

नाशिक, शनिवार, ६ डिसेंबर २०२५

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस, चहा गार होऊ दिलास आणि निघताना चपला घालता घालता विचारलंस, "काका, सगळं चांगलं मागेच राहून गेलं असं मला सव्विसाव्या वर्षीच का वाटतं?" मी "होतं गं असं" म्हणून टाळलं. दीड महिना झाला, ते टाळणं खुपतंय. फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू "हो काका, हो काका" करतेस आणि मला ते चालत नाही.

"एवढ्यात काय म्हातारी झालीस" वगैरे मी म्हणणार नाही, त्याला तुझ्या मावश्या आहेत. मी तू फोनवर दाखवलेल्या त्या फोटोबद्दल लिहितो.

सोमेश्वरला काढलेला, तुम्ही सात जणं, मागे धबधब्याचा खडक. "आमच्या आयुष्यातला बेस्ट दिवस," तू म्हणालीस. मी विचारलं, तारीख काय? तू वैतागलीस. तारखेचं काय घेऊन बसलात, म्हणालीस. मग बोटानं वर सरकवून बघितलंस. ९ फेब्रुवारी २०२०, रविवार. आणि तुझा चेहरा बदलला. तारखेचं टोक हाताला लागलं की पाठोपाठ बाकीचं गुंडाळं सुटत येतं. तुझा एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता. आठवडाभर तू घरात कुणाशी धड बोलत नव्हतीस. फोटोत तुझ्या खांद्यावर हात टाकून जी हसतेय, तिच्याशी सकाळीच भांडण झालं होतं. हे सगळं तूच सांगितलंस, मी फक्त तारीख विचारली होती. तो दिवस बेस्ट झाला तो नंतर. सहा आठवड्यांनी टाळेबंदी लागली, कॉलेज बंद पडलं, सातही जणं पुन्हा एकत्र जमली नाहीत, म्हणून त्या रविवारला सोनं चढलं.

तेव्हा तारीख टाक. मला एवढंच सांगायचंय. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. (वाच पण.)

मी १९७६ साली डार्करूममध्ये शिरलो, वय एकोणीस. उस्तादांचा एकच कडक नेम होता. प्रिंट वाळली की मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख, आणि तारखेशिवाय एकही फोटो दुकानाबाहेर जाता कामा नये. मी एकदा एका मुंजीच्या बत्तीस प्रिंट तशाच दिल्या. उस्तादांनी मला त्या घरी परत पाठवलं, भर उन्हात, पंचवटीत, बत्तीस फोटोंवर तारीख घालायला. त्या घरच्या आजी हसल्या होत्या. मला तेव्हा हे खूळ वाटायचं. फोटोत मुलगा दिसतोय, मुंज दिसतेय, अजून काय पाहिजे?

आता तुझ्या फोनमधल्या त्या फिल्टरबद्दल. तू आजच्या फोटोला तांबूस, जुनाट रंग चढवतेस आणि म्हणतेस, असा फोटो "फील" देतो. पोरी, तो रंग बिघाडाचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंग एकावर एक बसलेले असायचे: पिवळा, किरमिजी आणि हिरवट निळा. बऱ्याच कागदांत हा निळा आधी उडायचा. तो गेला की उरलेलं सगळं लालसर दिसतं. काळ्या-पांढऱ्या फोटोला जी तपकिरी झाक येते, ती पुष्कळदा हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट न धुतल्याची. आळशी पोऱ्यानं प्रिंट वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं कमी ठेवली, तिला तुम्ही जुन्या काळाची ऊब म्हणता. मी तो आळशी पोऱ्या होतो, म्हणून सांगतो. तो फोटो काढला त्या दिवशी आभाळ निळंच होतं आणि साडी हिरवीगारच होती.

माझंही असंच झालं, फक्त फोटोत नाही, डोक्यात.

१९८४ साली रविवार कारंजापासून दोन गल्ल्या आत मी स्वतःचं दुकान टाकलं. धाकटा भाऊ हाताशी होता. २००३च्या कुंभात आम्ही दोघांनी एका गच्चीवरून रामकुंडावरची स्नानं टिपली, रोलवर रोल. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, दादा, डिजिटल घेऊ, कर्ज मी काढतो. मी नाही म्हणालो. का, तर आपलं दुकान फिल्मवर उभं राहिलंय. "पंच्याऐंशी ते नव्वद आठव," मी म्हणायचो, "दारात रांग असायची, रांग!" हे मी त्याला, बायकोला, चहाच्या टपरीवर येईल त्याला ऐकवलं. २००५मध्ये भाऊ वेगळा झाला, गंगापूर रोडला गेला. २०१०मध्ये मी शटर ओढलं.

दुकान रिकामं करताना ऑर्डरच्या वह्या सापडल्या. उस्तादांची सवय, रोज तारीख घालून नोंद. मी १९८७ची उघडली, म्हटलं आपलं सोन्याचं वर्ष बघू. ५ जुलै: पासपोर्ट, तीन प्रती. ६ जुलै: काही नाही. ७ जुलै: एक रोल धुणे. ८ आणि ९ कोरे. महिनाअखेरीला माझ्याच अक्षरात नोंद होती, भाड्याचे पैसे सासऱ्यांकडून आणले म्हणून. मी जमिनीवरच बसलो. मग जून बघितला. रांग होती, खोटं नव्हतं ते. प्रवेशाच्या अर्जाला फोटो लागायचे तेव्हा, आठ-दहा दिवस. उरलेलं अख्खं वर्ष ती रांग मी माझ्या डोक्यात उभी ठेवली होती. आणि त्या रांगेपायी मी भाऊ घालवला.

आता, फिल्म वाईट होती असं कुणी म्हणू नये. माझी १९७९ची ब्रोमाईड प्रिंट आजही काळी ती काळी आहे आणि पांढरी ती पांढरी. भावाची २००७ची हार्ड डिस्क उघडत नाही, अकरा लग्नं तिच्यात अडकली आहेत. कोडॅकसारखी कंपनी २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, तिथं गल्लीतला मी काय ओळखणार होतो? रंगीत रोल धुताना सव्वातीन मिनिटं आणि अडतीस अंश, काटा जरा हलला की रंग गेला, ती शिस्त ज्याला कळली तो असा चटकन सोडून देत नाही. मी हट्टी होतो, पण मूर्ख...

जाऊ दे. हे मी भावाला लिहायला हवं, तुला नाही.

तू म्हणालीस, तुमच्या वेळचं नाशिक मला मिळालं असतं तर. हे वाक्य मात्र मला चालायचं नाही. मीही सांगत सुटतो, गोदावरीचं पाणी ओंजळीनं प्यायचो म्हणून. प्यायचोच. आणि १९७८च्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला होता, चोवीस दिवस अंथरुणात. तो त्या गोष्टीत कधी येत नाही. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, आम्ही धप्पे मारायचो, कपड्यांचा रंग आठवडाभर जायचा नाही, हे तुला तोंडपाठ आहे. माझी बहीण तेव्हा कुठे होती हे विचारलंस कधी? माडीवर, खिडकीच्या गजांमागे. दहावीनंतर तिचं शिक्षण थांबवलं. ज्या नाशकाला तू उसासे टाकतेस, त्यात तुला माझ्याकडे एकटीनं येऊन दीड तास वाद घालता आला नसता. साल टाकलं की असं काहीबाही दिसायला लागतं, म्हणून लोक साल टाकत नाहीत.

तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. मानसशास्त्रवाल्यांनी हे तपासलेलं आहे. उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी काढायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या भसाभस निघतात. तेव्हा सगळंच पहिल्यांदा घडत असतं म्हणून, की आपण कोण हे तेव्हा ठरतं म्हणून, यावर त्यांचे वाद आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. तू सव्वीस वर्षांची आहेस, म्हणजे तो ढीग अजून रचला जातोय आणि तू त्यातच उभी राहून मागे वळून रडतेस. हिंजवडीच्या ज्या खोलीला तू कोंडवाडा म्हणतेस, ती साठाव्या वर्षी तुला स्वप्नात दिसेल, तिघींची एक इस्त्री आणि गळका नळ यांच्यासकट, आणि तू कुणाला तरी सांगशील की काय दिवस होते! तेव्हा त्या खोलीवर आजच तारीख टाक. भाडं लिही. कुणाशी पटत नव्हतं ते लिही. त्या दिवशी जेवण काय होतं, तेही.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. फोन तारीख आपोआप टाकतो. टाकतो, पण तू वाचत नाहीस. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख गळून पडते, उरते ती तुझ्या फोनमध्ये उतरल्याची. तुझ्याकडे चौदा हजार फोटो आहेत म्हणालीस, त्यातले निम्मे असे अनाथ असतील. आणि यंत्रानं टाकलेली तारीख आणि आपण हातानं घातलेली, यात फरक आहे. हातानं घालताना क्षणभर थांबावं लागतं. उस्ताद थांबायला लावत होते, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

नोकरी सोडून परत यायचं म्हणतेस, तर ये. मी अडवणारा कोण? पण २०१७च्या नाशकात यायला निघाली असशील तर ती गाडी सुटत नाही. कॉलेज रोडचा तुमचा कट्टा गेला, आमचा त्याआधी गेला. इथं आता २०२७च्या कुंभाची खोदाई चालू आहे, रस्ते उखडलेले आहेत, द्वारका चौकात तासभर अडकशील. त्या नाशकात काय करणार ते ठरव आणि ये.

तुमच्या जुन्या वाड्याबद्दल थोडक्यात. वडिलांशी भांडू नकोस. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात कुठल्या ना कुठल्या वाड्याची भिंत बसते, आणि त्यात माणसं राहतात. बिल्डरला द्यायचा तर देऊ देत. त्याआधी एक दिवस मोजपट्टी घेऊन जा. ओसरीची लांबी, जिन्याच्या पायऱ्या, देवळीची उंची. फोटो सकाळी काढ, चौकात तेव्हाच सरळ उजेड येतो. फिल्टर लावलास तर बघ.

सोबत एक प्रिंट पाठवतोय. तुझ्या आजोबांच्याच ओसरीवर मीच काढलेली, आणि मागे कोरी. हो, माझ्या हातची, कोरी. पुढच्या आठवड्यात घालू म्हणून राहिली असणार. भिंतीवर कालनिर्णय दिसतं, महिना मार्च, पण साल आजोबांच्या टोपीआड गेलंय. भिंगातून बघितलं, एक तारखेला रविवार आहे. म्हणजे १९८१ किंवा १९८७, त्या दशकात दुसरं साल बसत नाही. आजीच्या मांडीवरचं तान्हं तुझी धाकटी आत्या असेल तर १९८१. शेजारच्यांची नात असेल तर १९८७. मला चेहरा ओळखू येत नाही. आत्या गुरुवारी मोकळी असते ना? तिला दाखव आणि कळलं की मागे घाल, मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उठतो.

तुझा,
काका