नागपुरात आरसी (रिमोटवर चालणारी) ऑफ-रोड बग्गी किटपासून जोडायची आहे, कोणती घेऊ आणि नीट जोडली गेली की नाही हे टेस्ट कसं करू?

तुम्ही विचारलंय की बजेट बेताचं आहे, तयार गाडी नको, किट घेऊन स्वतः जोडायची आहे, घराजवळ मुरमाचा रिकामा प्लॉट आहे, तर गाडी कोणती, जोडताना काय सांभाळायचं आणि टेस्ट कशी घ्यायची. शिवाय ब्रशलेस मोटर (कार्बन ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) आत्ताच टाकू का असंही विचारलंय. मी नागपुरातच बरीच वर्षं ह्या गाड्या जोडतोय आणि चालवतोय, त्यामुळे आपल्याकडची जमीन आणि आपल्याकडचं ऊन धरूनच सांगतो, कारण व्हिडिओत जे सेटअप दाखवतात ते बहुतेक कार्पेट, टर्फ नाहीतर पाणी मारून दाबलेल्या क्ले ट्रॅकचे असतात, ते जसेच्या तसे बेसा नाहीतर हुडकेश्वरकडच्या मुरमावर आणले की गाडी नुसती दगडांवर उड्या मारत सुटते आणि माणसाला वाटतं किटच खराब निघालं.

गाडी घ्या १/१० स्केल, टू-व्हील ड्राइव्ह, इलेक्ट्रिक. १/८ ची नायट्रो मोठी असते, आवाज भारी असतो, पण फ्युएल आणायचं कुठून, इंजिन ट्यून करायचं कसं आणि वस्तीत तो आवाज कोण ऐकून घेणार, तेव्हा पहिली गाडी म्हणून ती नकोच. फोर-व्हील ड्राइव्ह चालवायला सोपी असते, पण पार्ट जास्त, डिफ (वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) दोन, आणि मुरमाची खडी बेल्टमध्ये किंवा शाफ्टच्या गिअरमध्ये गेली की खर्च वाढतो. टू-व्हील ड्राइव्ह थ्रॉटलवर बोट हळू ठेवायला शिकवते, आणि ते एकदा आलं की मग काहीही चालवा. तामिया ह्या जपानी कंपनीचं एंट्री लेव्हल किट चालेल. १९८४ सालच्या त्यांच्या हॉर्नेट आणि ग्रासहॉपर पुन्हा काढलेल्या रूपात आजही मिळतात, दिसायला मला फार आवडतात, पण तुम्हाला सेटअप शिकायचा असेल तर चारही शॉक (धक्के शोषणारे) ऑइलवाले आणि कॅम्बर लिंकची (चाकाचा आडवा कल ठरवणाऱ्या दांडीची) लांबी बदलता येणारी असं नवीन डिझाइनचं किट बघा. घेताना दोन गोष्टी विचारून घ्या, बेअरिंग आहेत की बुशिंग (आत गोळ्या नसलेली साधी कडी), आणि बॉक्समध्ये मोटर-ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) येतंय की नाही. बऱ्याच स्वस्त किटमध्ये बुशिंगच येतात, आपल्या धुळीत ती लवकर ढिली होतात, म्हणून किटसोबतच रबर सीलवाल्या बेअरिंगचा सेट मागवा. बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचाच घ्या, तो बँड आपल्याकडे परवानामुक्त आहे आणि एका मैदानात चार गाड्या असल्या तरी एकमेकांत घुसत नाहीत, जुन्या २७ मेगाहर्ट्झ सेटमध्ये तो त्रास व्हायचा.

आता जोडणी. एक संध्याकाळ बसून उरकू नका, पिशव्या मॅन्युअलच्या क्रमानंच फोडा. तामियाचे स्क्रू जपानी स्टँडर्डचे असतात, आपला नेहमीचा स्टार पेचकस त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो, तर एक जेआयएस स्क्रूड्रायव्हर घ्याच, आणि रेसिंग किट असेल तर १.५, २ आणि २.५ एमएमचे चांगले हेक्स. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नको, प्लॅस्टिक तडकतं. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्परच्या (त्याला लागणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मधे वहीच्या कागदाची एक पट्टी घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचा आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची, तिच्यावर दातांची घडी दिसली पाहिजे पण कागद फाटायला नको, एवढी मेश (दातांची एकमेकांत बसण्याची जागा) बरोबर असते. सर्वो (स्टिअरिंग फिरवणारी छोटी मोटर) बसवताना आधी रेडिओ आणि रिसीव्हर चालू करा, ट्रिम (रेडिओवरची मधली जागा ठरवणारी बारीक सेटिंग) शून्यावर आणा आणि मगच हॉर्न (सर्वोवरचा छोटा दांडा) लावा. आर्म (चाकं धरणारे सस्पेन्शनचे हात) लावले की ते स्वतःच्या वजनानं खाली पडतात का बघा, अडकत असेल तर हिंज पिनचं (आर्म जिच्यावर वरखाली होतो त्या पिनचं) भोक रीमरनं जरासं मोकळं करा, कारण तिथं अडकलेला आर्म असला की पुढे सस्पेन्शनवर कितीही मेहनत घ्या, काही कळतच नाही.

आणि खरा वेळ द्यायचा तो शॉकला. ही एकच गोष्ट ऐकली तरी चालेल, बाकी सगळं मॅन्युअल सांगतं. शॉकचा शाफ्ट (आतबाहेर होणारी दांडी) पकडताना साध्या पक्कडीनं धरू नका, त्यावर पडलेला बारीकसा ओरखडासुद्धा ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) कापतो, मग ऑइल बाहेर आणि धूळ आत. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. ऑइल काठापर्यंत भरा, शाफ्ट हळूहळू वरखाली करा, बुडबुडे वर येतील, मग तो उभा करून दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या, घाई करून कॅप लावली तर आत हवा राहणारच. कॅप लावल्यावर शाफ्ट पूर्ण आत दाबा आणि सोडा, किती बाहेर येतो ते बघा, आणि डावा-उजवा दोन्ही शेजारी धरून एकदम दाबा, दोघांचा वेग आणि परत येणं अगदी सारखं पाहिजे. नसेल तर परत उघडा. कंटाळा येतो, पण उघडाच.

हे इतकं जोर देऊन का सांगून राहिलो तर माझ्या भाच्याची गाडी. उजवीकडचं वळण मस्त घ्यायची, डावीकडे मात्र दरवेळी उलटायची. मैदानात जो येईल तो काहीतरी सांगायचा, कोणी म्हणे पुढचा स्प्रिंग बदल, कोणी म्हणे टायर बदल, कोणी म्हणे बॅटरी सरकव, आणि त्यानं बिचाऱ्यानं ते सगळं केलंही. शेवटी गाडी पालथी ठेवून मागचे दोन्ही शॉक सोडले. डावा दाबला तर शाफ्ट सावकाश, एकसारखा आत गेला. उजवा दाबला तर पहिला अर्धा भाग काहीच जोर न लागता आत, मग आतून फुस्स असा आवाज, आणि त्यानंतर कुठं ऑइल लागलं. अर्धा शॉक हवेनं भरलेला होता. डाव्या वळणात सगळा भार त्याच्यावर यायचा आणि गाडी तिथंच बसून आडवी व्हायची. ऑइल भरून नीट ब्लीड केल्यावर (म्हणजे हवा काढल्यावर) तीच गाडी, तेच टायर, तेच वळण, आणि उलटणं बंद.

ऑइल किती जाड, तर मॅन्युअलमधलं घेऊन सुरुवात करा. नसेल दिलं तर पुढे ३५ वेट म्हणजे साधारण ४२५ सीएसटी (ऑइल किती जाड याचं माप), आणि मागे त्याहून एक पायरी पातळ. वेटचा आकडा कंपनीगणिक बदलतो म्हणून बाटलीवर सीएसटी वाचा. सिलिकॉन ऑइल गरमीत पातळ होतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी जे ऑइल बरोबर वाटतं तेच एप्रिलच्या दुपारी पाण्यासारखं लागतं, गाडी उडीवरून उतरली की चेसिस जमिनीवर आपटल्याचा टप्प असा आवाज येतो. मी उन्हाळ्यात एक पायरी जाड टाकतो आणि पावसाळा संपला की परत पातळ.

टायरबद्दल थोडं. मागे पिनवाले आणि पुढे रिबवाले, मुरमावर हेच चालतं. फोम इन्सर्ट घाला आणि टायर रिमला फेविक्विकनं गोल फिरवत चिकटवा, चिकटवायच्या आधी रिमची कड स्पिरिटनं पुसा. काळ्या मातीवर मात्र चालवायचा विचार सोडा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात पुढचं चाक अडकलं की आर्म गेला, आणि पावसानंतर ती टायरवर अशी थापली जाते की गाडी दुप्पट जड होते आणि मोटर तापून जाते. तुमचा प्लॉट मुरमाचा आहे हे फारच चांगलं. मोठे दगड वेचून काढा, आदल्या संध्याकाळी पाणी मारा, शक्य असेल तर कोणाचा क्रिकेटचा रोलर मिळवा. कडेला जुना ठिबकचा पाईप खिळ्यांनी ठोकला की ट्रॅकची बॉर्डर तयार, स्टार्टची रेघ चुन्याच्या फक्कीनं. उडीसाठी प्लायचा तुकडा दोन विटांवर टेकवा, याहून उंच सध्या नको.

पहिल्या दिवशी उडी वगैरे काही नाही. घरातच गाडी हातभर उंचीवरून सपाट सोडा आणि बघा कुठे येऊन थांबते, मागचे ड्राइव्हशाफ्ट जमिनीला समांतर राहतील एवढा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) ठेवा. ट्रॅकवाले राइड हाइट (जमिनीपासून चेसिसची उंची) २०-२२ एमएम ठेवतात, आपल्या खडबडीत जमिनीला २५-२६ च्या आसपास बरी पडते. मैदानात रेडिओ आधी चालू, गाडी नंतर, आणि बंद करताना उलटं. फेलसेफ (सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद करणारी सोय) लावलंय का हे बघायला चाकं हवेत धरून रेडिओ बंद करा, थ्रॉटल न्यूट्रलला आलं पाहिजे. ही तपासणी टाळू नका, जवळ लहान पोरं येऊन उभी राहतातच आणि दीड किलोची गाडी वेगात पायावर बसली तर लागतं. मग सरळ रेषेत हळू चालवा, ट्रिम लावा, दोन बाटल्या ठेवून आठाचा आकडा काढत राहा, आणि तीन-चार मिनिटांनी थांबवून मोटरला टेम्परेचर गन लावा. मी ७५ डिग्रीच्या वर जाऊ देत नाही. हिवाळ्यात ५५ वर थांबणारी मोटर मे महिन्यात त्याच गिअरिंगवर ७० ओलांडते, कारण सुरुवातच पंधरा-वीस डिग्रीनं वरून होते. तेव्हा पिनियन एक-दोन दात लहान लावायचं. हिशोब सोपा आहे, स्पर ७८ आणि पिनियन २० असेल तर ३.९, त्याला गिअरबॉक्सच्या आतल्या रेशोनं गुणायचं, तो २.६ असेल तर झालं १०.१४. पिनियन १९ केलं की हा आकडा १०.६७ होतो, म्हणजे टॉप स्पीड थोडी कमी पण मोटर थंड.

खरी टेस्ट पुढे. एक छोटा लूप आखा, त्यात एक लांब सरळ, एक डावं, एक उजवं वळण आणि नंतर ती उडी. मित्राच्या हातात स्टॉपवॉच द्या आणि सलग पाच लॅपची वेळ वहीत लिहा. मग एकच गोष्ट बदला, परत पाच लॅप. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशानं पडला ते कधीच कळणार नाही, आणि नुसतं गाडी फास्ट वाटतेय यावर जाऊ नका, घसरत जाणारी गाडी नेहमी फास्ट वाटते, घड्याळ वेगळंच सांगतं. पाचही लॅप जवळजवळ सारखे आले तर सेटअप चांगला, एक लॅप भन्नाट आणि दोनदा उलटी असं असेल तर तो सेटअप परत फिरवा. गाडी वळताना पुढून सरळ निघून जात असेल तर पुढचा स्प्रिंग मऊ करा. मागून फिरत असेल तर बॅटरी मागे सरकवा, आणि स्लिपर क्लच (जास्त जोर आला की थोडा घसरून गिअर वाचवणारा) फार आवळलेला नाही ना ते बघा. उडीत नाक खाली जात असेल तर प्लायच्या टोकापर्यंत थ्रॉटल सोडू नका, नाक फार वर गेलं तर हवेत ब्रेकला हलकंसं बोट लावा, नाक खाली येतं, हे समजून घ्यायला हवेत फिरणाऱ्या चाकांकडे बघत राहा.

प्रत्येक वेळी परत आल्यावर ब्रशनं धूळ झाडा. पंक्चरवाल्याकडची हवा मारता येते, फक्त थेट बेअरिंगवर मारू नका, धूळ सीलच्या आत ढकलली जाते. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं मात्र कडक पाळा. टू-एस म्हणजे दोन सेल, ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज ८.४, सेलमागे ३ व्होल्टच्या खाली कधीच नाही, त्यामुळे ईएससीचा लायपो कटऑफ चालू ठेवा. ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपियरनं चार्ज करा, गरम पॅक लगेच चार्जिंगला लावू नका, समोर बसून चार्ज करा, आणि काही दिवस चालवायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. नवतप्यात गाडीच्या डिक्कीत लायपो विसरणं म्हणजे आग लावायची तयारीच, घरात गार जागी न जळणाऱ्या डब्यात ठेवा.

ब्रशलेसचं विचारलंय तर आत्ता नको. किटसोबत आलेल्या ५४० ब्रश्ड मोटरवर तुमचे पाच लॅप अर्ध्या सेकंदाच्या फरकात यायला लागू द्या. आले की १७.५ टर्नची (तारेचे वेढे जास्त तर वेग कमी) सेन्सर्ड (आत सेन्सर असलेली) ब्रशलेस घ्या, थेट ३३०० केव्हीकडे (केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती आरपीएम) उडी मारू नका, ती ७.४ व्होल्टवर बिनलोडची २४ हजारांच्या वर आरपीएम फिरते आणि मुरमावर तेवढ्या पॉवरला मागचे टायर पकडच धरत नाहीत. मधल्या काळात उरलेले पैसे पुढच्या आर्मचा जादा जोड, एक स्पर गिअर आणि दोन बाटल्या ऑइल यावर घाला, पहिल्या दोन महिन्यांत लागणारच आहेत. प्लॉटचा फोटो आणि किटचं नाव कमेंटमध्ये टाका, लूप कसा आखायचा ते बघून सांगतो.