मेलेली कॅन्डिडाही पेशींना चिडवू शकते, पण आधी तुझं पाणी तपास

तू लिहिलंयस की उष्णतेने मारलेली कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी नाळेतून काढलेल्या एंडोथेलियल पेशींवर, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर, घातलीस आणि सहा तासांनी मीडियममधलं (पेशी वाढवायच्या द्रवातलं) आयएल-८, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारं प्रथिन, चांगलंच वाढलं. गाईड म्हणतात, मेलेली बुरशी काय करणार, काहीतरी दूषित झालंय. एमएस्सीच्या प्रोजेक्टला दोन महिने उरलेत. माझी मुलगी तुझ्याच वयाची, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

पहिली गोष्ट, मेलेली बुरशी नक्की काहीतरी करू शकते. कॅन्डिडाची भिंत बाहेरून बघत गेलं तर आधी प्रथिनांना लगडलेलं मॅनन, त्याखाली बीटा ग्लुकनचं जाळं आणि अगदी आत थोडं कायटिन. तिन्ही साखरेच्या लांब साखळ्या. ग्लुकन आणि कायटिन आपलं शरीर बनवतच नाही, त्यामुळे ते दिसलं की परकं कुणीतरी आत आलंय एवढं कळायला पुरेसं असतं. बुरशी जिवंत असण्याची अट त्यात नाही. उलट जिवंत यीस्टमध्ये मॅनन ग्लुकनला झाकून ठेवतं, फक्त अंकुर सुटल्यावर राहिलेल्या वणांपाशी ते उघडं असतं. तू उष्णता दिलीस तेव्हा हे पांघरूण फाटलं. म्हणजे तुझ्या मेलेल्या पेशी जिवंतपेक्षा जास्त ग्लुकन दाखवत असतील.

पण जिवंत कॅन्डिडाला जमतं ते सगळं मेलेलीला जमत नाही. जिवंत कॅन्डिडा तंतू काढते, त्यांवरच्या एएलएस-३ प्रथिनाने एंडोथेलियमच्या (त्या अस्तराच्या) पेशींवरच्या एन-कॅडहेरिन या प्रथिनाला धरते आणि पेशीला स्वतःला गिळायला लावते. कॅन्डिडालायसिन नावाचं विष पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं ते वेगळंच. म्हणून निष्कर्षात ‘कॅन्डिडा संसर्ग’ लिहू नकोस, ‘भिंत’ लिही. तू तेवढंच मोजलं आहेस.

रक्तवाहिनीच्या पेशींना नुसतं नळाचं अस्तर समजणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घातलाय. धोका कळला की या पेशी तयार ठेवलेलं पी-सिलेक्टिन हे चिकट प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. ई-सिलेक्टिन मात्र नव्याने बनवावं लागतं, म्हणून ते चार ते सहा तासांना शिखर गाठतं. आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१ ही तशीच चिकट प्रथिनं त्यानंतरही वाढत राहतात. रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी यांवर अडकतात, आणि त्यांतल्या न्यूट्रोफिलना आयएल-८ बोलावतं. हेच शरीरभर झालं की वाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, गुठळ्या होतात. म्हणून फक्त सहा तासांवर थांबू नकोस, निदान चोवीस तासांचा एक नमुना घे.

आता गाईडच्या शंकेकडे येऊ. ती शंका खरी आहे, आणि मी ती महागात शिकले.

परळच्या एका प्रयोगशाळेत होते तेव्हा सकाळी प्रसूतिगृहातून नाळा बर्फाच्या डब्यात घेऊन लोकलने यायचे. जुलैत हूड, इन्क्युबेटरची पाण्याची ट्रे, सगळीकडे बुरशी आपणहून हजर असायची, त्यामुळे लक्ष सगळं बुरशीवर. माझ्याही पेशी भिंतीच्या अर्काने चिडत होत्या आणि मी खूश होते. तीन महिन्यांनी एकाने विचारलं, बुरशी न घालता तेच बफर, तेवढ्याच धुण्या, तेवढीच उष्णता, असं काही केलंयस का? केलं नव्हतं. माझा कंट्रोल म्हणजे नुसतं मीडियम. केल्यावर त्या रिकाम्या बफरनेही आयएल-८ जवळजवळ तेवढंच चढलं. डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमध्ये जिवाणू वाढले होते. ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेने ते मेले, पण त्यांचं एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या भिंतीतलं विष, तसंच राहिलं. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना ते दाद देत नाही. काचसामानावरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. तीन महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले, आणि त्या रात्री मी खरंच रडले होते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबड लावतेय.

आणि इथेच मोठा सापळा आहे. एंडोटॉक्सिन तपासायला तू एलएएल किट मागवशील. ते हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींपासून बनतं, आणि त्यातलं फॅक्टर सी हे प्रथिन एंडोटॉक्सिनला ओळखतं तसं फॅक्टर जी ग्लुकनला ओळखतं. तुझ्या नमुन्यात ग्लुकन ठासून भरलंय. किट पॉझिटिव्ह येईल, गाईड म्हणतील ‘बघ’, आणि दोघंही फसाल. ग्लुकन अडवणारं बफर असलेलं किट घे, नाहीतर रिकॉम्बिनंट, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या, फॅक्टर सीचं.

सोबत पॉलिमिक्सिन बी, म्हणजे एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं औषध, घालून प्रयोग कर. एंडोटॉक्सिनचा परिणाम त्याने पडला पाहिजे, भिंतीचा टिकला पाहिजे. शुद्ध एंडोटॉक्सिनचाही एक नमुना त्याच प्लेटमध्ये हवा, नाहीतर औषध काम करतंय हेच कळणार नाही. सीरमचं प्रमाण सगळीकडे सारखं ठेव. एंडोटॉक्सिन पकडून देणारं सीडी-१४ हे प्रथिन या पेशींवर स्वतःचं फार कमी असतं, एंडोटॉक्सिन ओळखायला त्या सीरममधल्यावर अवलंबून असतात.

एका गोष्टीत घाई करू नकोस. पेशीने भिंत कशी ओळखली त्याच्या आकृतीत सरळ डेक्टिन-१ चा बाण काढू नकोस. २००१ मध्ये तो ग्लुकनचा रिसेप्टर (पेशीवरचा ओळखणारा रेणू) म्हणून ओळखला गेला खरा, पण तो मुख्यतः मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, डेंड्रिटिक पेशींवर असतो. टीएलआर-२ हा बुरशी ओळखणारा दुसरा रिसेप्टर सुद्धा शांत एंडोथेलियमवर कमीच. तुझ्या पेशींवर काय आहे ते आधी मोज.

जपानमध्ये कॅन्डिडाच्या पाण्यात विरघळणाऱ्या अंशाने, ज्यात मॅनन असतं, उंदरांच्या हृदयाच्या धमन्यांना सूज आणून दाखवली आहे. तोमिसाकु कावासाकी या डॉक्टरांनी १९६७ मध्ये मुलांमधल्या ज्या आजाराचं वर्णन केलं, त्याचं हे मॉडेल मानतात. प्रस्तावनेत ते जरूर घे, पण त्यावरून मुलांमधला आजार बुरशीमुळे होतो असं म्हणता येत नाही.

आज एवढंच कर: रिकाम्या बफरचा कंट्रोल लाव, नव्या बाटलीतलं इंजेक्शनचं पाणी वापर, आणि पेशी पाचव्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात पाचव्यांदा हलवण्याच्या) पुढच्या घेऊ नकोस. आकडे आले की इथेच टाक, किटचं नावही लिही, मी बघते.