गोळ्या बंद करण्याआधी

प्रिय बाळा,

तुझा निरोप काल रात्री वाचला. ‘बाई, शेवटची फिट येऊन अडीच वर्षं झाली. डोक्यातल्या गाठीचा एमआरआय जैसे थे आहे. आता फिटच्या गोळ्या बंद केल्या तर?’ आणि खाली एक ओळ सोडून, ‘पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत.’ तू ही दोन वाक्यं लांब लांब लिहिलीस, पण मी ती जोडूनच वाचली.

आधी माझं सांगते. माझी गाठ मेनिन्जिओमा होती, मेंदूच्या आवरणातली, साधी. ऑपरेशनआधी एकदा फिट आली होती, नंतर वर्षभर काही नाही. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यांच्यासमोर पाकीट काढून गोळी घ्यायची लाज वाटली. ‘गाठच गेली, आता कसल्या गोळ्या’ असं मनाशी म्हणून मी त्या थांबवल्या. एकदम. कुणालाही न विचारता. चौथ्या दिवशी पोळ्या करताना फिट आली. डाव्या हाताच्या तळव्यावरचा तो पांढरट डाग तू वर्गात पाहिला आहेस, तो त्या तव्याचा. म्हणून तुझा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही, आणि ‘घे मुकाट्याने’ असं सांगून मी तुला गप्पही बसवणार नाही.

गाठ काढली तरी फिट का येऊ शकते, हे नीट समजून घे. फिट गाठीतून येत नाही, गाठीला लागून असलेल्या चिडलेल्या पेशींतून येते. ऑपरेशनचा व्रण, साकळून राहिलेल्या रक्तातलं लोह, रेडिएशनचा परिणाम, हे सगळं तिथंच राहतं. तुझ्या रिपोर्टवर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, म्हणजे मेंदूच्याच पेशींतून वाढणारी गाठ, आहे आणि ‘आयडीएच म्यूटंट’, म्हणजे आयडीएच नावाच्या जनुकात बदल, असंही लिहिलंय. अशा गाठीतल्या पेशी एक पदार्थ तयार करतात. तो ग्लुटामेटसारखा असतो आणि ग्लुटामेट म्हणजे मेंदूतला चेतवणारा संदेश. तुझी गाठ फिटनेच उघडकीला आली, ते यामुळेच असावं. शिवाय तिचा थोडा भाग सर्जननी मुद्दाम ठेवला आहे, बोलण्याचं केंद्र शेजारी आहे म्हणून.

माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंची गोष्ट वेगळी होती. त्यांना आयुष्यात कधीच फिट आली नव्हती, फक्त ऑपरेशनची खबरदारी म्हणून गोळी सुरू केली होती. अशा रुग्णांची गोळी ऑपरेशननंतर पहिला आठवडा उलटला की कमी करत आणावी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूतज्ज्ञांच्या संस्थेने २००० सालीच सांगितलं होतं. पण डिस्चार्ज कार्डावर ‘चालू ठेवा’ लिहिलेलं, कधीपर्यंत ते कुणी लिहिलं नाही, आणि काकू वर्षानुवर्षं ती घेत राहिल्या. तेव्हा ‘ब्रेन ट्यूमरनंतर अमक्याने गोळ्या सोडल्या, त्याला काही झालं नाही’ असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचार: त्याला मुळात फिट आली होती का?

आता तुझ्या आवडीचं गणित. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०१३ रुग्ण घेतले, सगळे निदान दोन वर्षं फिटशिवाय असलेले. अर्ध्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या, अर्ध्यांच्या हळूहळू बंद केल्या. १९९१ साली आकडे छापून आले: पुढच्या दोन वर्षांत चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्क्यांना फिट आली नाही, बंद केलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना. नीट वाच. गोळ्या घेऊनही शंभरात बावीस जणांना फिट आलीच, आणि बंद करूनही निम्म्याहून जास्त लोक ठीक राहिले. फरक शंभरात एकोणीस जणांचा. पण ही अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, सर्वसाधारण रुग्णांची गोष्ट आहे. ज्याच्या डोक्यात गाठीचा अंश आहे, त्याला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्याचा धोका जास्त धरायचा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, चांगला आला म्हणूनही निर्धास्त व्हायचं नाही.

आणि ही बेरीज-वजाबाकी फक्त टक्क्यांची नाही. एक फिट तुला काय किमतीला पडेल? तू ॲक्टिव्हावर कामाला जातेस. लायसनच्या नमुना १ मध्ये फिटबद्दल थेट प्रश्न असतो आणि त्यावर आपण सही करतो. एक फिट म्हणजे गाडी बंद, पुन्हा एमआरआय, आणि गाठ वाढली की काय ही रात्रंदिवस धास्ती.

गोळीचा त्रास होत असेल तर तो वेगळा सांग. तुझी आई म्हणते, तू हल्ली फार चिडतेस, दार लावून रडतेस. तू घेतेस त्या लेव्हेटिरॅसिटॅमने असं होतं, बऱ्याच जणांना होतं. ते डॉक्टरांना सांगायचं, सोसायचं नाही. कधी डोस कमी करून भागतं, कधी औषध बदलता येतं.

आता पाहुण्यांचं. अपस्मार नसावा ही लग्नाची अट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकली. कायद्याने तुझ्यावर डाग नाही. समाजाचं मन तेवढं झटपट बदलत नाही, हे मला माहीत आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात गोळीचं पाकीट लपवावं लागेल, तिथं रोज दोनदा घाबरत जगावं लागेल. मुलाला आधी भेट आणि स्वतः सांग, गाठीसकट. तो उठून गेला तर जाऊ दे. मूल हवं असेल तेव्हाही आधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटायचं. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळी टाकायची नाही.

तरीही सगळं ऐकून, विचार करून तुला बंद करून बघायचं असेल, तर ती मागणी रास्त आहे. मी स्वतः तीन वर्षांनी बंद केल्या, या वेळी न्यूरॉलॉजिस्टच्या हाताखाली, थोडा थोडा डोस उतरवत, चार महिने लावून. माझी गाठ पूर्ण निघाली होती, हे मात्र विसरू नकोस. एकदम बंद केलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, जिवावर बेततं. उतरवण्याच्या दिवसांत आणि नंतरही डॉक्टर सांगतील तोवर गाडी नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही, पोहणं नाही, जागरण नाही, कडक उपवास नाही. या वर्षी बदली, परीक्षा, लग्न यांतलं काही असेल तर पुढच्या वर्षी बघ.

घरच्यांनाही शिकव. फिट आली की कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब हॉस्पिटल. फिट थांबवणाऱ्या मिडॅझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा मिळतो. तो घरात ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचार.

मंगळवारी ओपीडीला जाताना तुझी ती निळी वही घे. त्यात लिहून ने: शेवटची फिट कधी, कशी आली, किती डोस चुकले, झोप किती होते, आणि तुला गोळ्या नक्की कशासाठी बंद करायच्या आहेत. शेवटचा मुद्दा खरा लिही, पाहुण्यांचा असला तरी. मी साडेनऊला केसपेपरच्या खिडकीपाशी थांबते. आईला डबा करू नको म्हणावं, मी थालीपीठ आणते.

तुझ्या बाई