जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत वाजवणारे रॉक बँड खरंच ऐकण्यासारखे असतात, की नुसता आठवणींचा धंदा? सुरुवात कुठून करावी?

ऐकण्यासारखे असतात, पण सगळे नाही. मारिओची टोपी घालायची, ओळखीची धून वाजवायची आणि टाळ्या घ्यायच्या, एवढ्यावर भागवणारे बँड पुष्कळ आहेत. ते सोडून द्या. मी हौशी बेस गिटार वाजवतो आणि कॉन्ट्रा-मारिओच्या पिढीतला आहे, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा. तरीही माझं मत ठाम आहे: निन्टेन्डोच्या आठ-बिटच्या काळातलं संगीत मुळातच चार जणांच्या रॉक बँडच्या मापाचं आहे. ज्या बँडना हे उमगलंय, ते हे गेम कधी न खेळलेल्या माणसालाही खुर्चीत धरून ठेवतात.

मापाचं म्हणजे कसं? जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम हे निन्टेन्डोचं गेम मशीन आलं. त्याच्या प्रोसेसरच्या चिपमध्येच आवाजाची सोय होती आणि त्यातून एका वेळी फक्त पाच आवाज निघायचे. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक निव्वळ खरखराट, आणि पाचवा रेकॉर्ड केलेले बारीकसे तुकडे वाजवणारा. संगीतकारांनी त्यांची वाटणी सहसा एकाच पद्धतीने केली. एका चौकोनी आवाजाला मुख्य चाल, दुसऱ्याला तिची जोडीदार चाल, त्रिकोणी आवाजाला खर्जातला बेस आणि खरखराटाला ड्रम. म्हणजे दोन गिटार, बेस आणि ड्रम! चार माणसं उभी केली की कामं आधीच वाटलेली.

त्यात फझ पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या पायाखालच्या डबीची, गंमत. गिटारच्या तारेची लहर बरीचशी गोलसर असते. पेडल ती इतकी फुगवतं की वरची-खालची टोकं कापली जातात आणि लहर चौकोनाकडे झुकते. चिपमध्ये ती चौकोनी जन्मलेलीच असते. त्यामुळे मेगा मॅन या गेमची चाल पियानोवर गोड लागते, पण फझ लावलेल्या गिटारवर घरी आल्यासारखी लागते. हे काही भावुक होऊन बोलत नाहीये, ऑसिलोस्कोपवर, म्हणजे लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसतं.

बेसबद्दल जरा जास्त बोलणार, चालवून घ्या. त्या त्रिकोणी आवाजाला व्हॉल्यूमचं नियंत्रणच नाही. एक तर चालू, नाही तर बंद. हळूहळू विरणारा स्वर नाही, हलका-जोरात असा फरक नाही. मग संगीतकारांनी सगळा जीव हालचालीत ओतला. सप्तक ओलांडून उड्या, मध्येच कापलेले स्वर, चालीच्या उलट दिशेने चालणारी ओळ. एरवी बँडमध्ये बेसवाल्याने मागे उभं राहून कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) मूळ स्वर धरायचा असतो. इथे त्याला गिटारच्या तोडीचं काम मिळतं. शिवाय काही गेममध्ये हाच त्रिकोणी आवाज क्षणभर ड्रमच्या कामाला जुंपलेला असतो. स्वर झपकन खाली सोडला की टॉम-टॉमसारखा 'धुम्' वाजतो, आणि तेवढा वेळ बेस गायब. स्टेजवर बेसवाल्यापुढे प्रश्न उभा राहतो की ती मोकळी जागा भरायची की तशीच ठेवायची. मी तशीच ठेवणाऱ्यांच्या बाजूचा. भरली की ठेका गुळगुळीत होतो.

आता आपल्याकडची गोष्ट. भारतात आपण बहुतेकांनी खरा निन्टेन्डो पाहिलाच नाही. सामुराई, मीडिया असल्या नावांची मशीन्स आणि वर हजारो गेमचा दावा करणारी पिवळी-काळी कॅसेट, हा आपला फॅमिकॉम. यातली बरीच मशीन्स आपल्याकडच्या 'पाल' (PAL) पद्धतीच्या टीव्हीसाठी, सेकंदाला पन्नास चित्रांची होती. मूळ जपानी-अमेरिकन गेम साठ चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले, आणि संगीत पुढे सरकायचं तेही चित्रागणिक. परिणामी त्या मशीनवर स्वर जवळजवळ मूळचेच लागायचे, पण लय सहाव्या हिश्शाने उतरायची. तेव्हा हे बँड ऐकताना 'फार पळवतात बुवा' असं वाटलं तर लगेच त्यांना दोष देऊ नका. त्यातला काही वेग मुळातलाच आहे, आपल्यापर्यंत तो पोचला नव्हता.

आणखी एक गोष्ट आपण कधी नीट ऐकली नाही, ती म्हणजे अख्खी चाल. पाचच आवाज असल्याने गोळीचा किंवा उडीचा आवाज काढायला मशीन त्यातलाच एक उसना घ्यायचं. कॉन्ट्रात आपण बटणावरचं बोट उचलतो का कधी? म्हणजे संगीताचा एक पदर सतत कुरतडला जातोय. जंगलाच्या पहिल्या लेव्हलची ती धून बँडकडून ऐकली की मधल्या ओळी चक्क नव्या वाटतात.

तर सुरुवात. पहिलं नाव मिनीबॉसेस, अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सचे. २००५ चा त्यांचा 'ब्रास' हा अल्बम घ्या. एकेक धून वेगळी न काढता अख्खा गेम एका सलग रचनेत गुंफायचा, ही त्यांची रीत. गेममधली धून एक-दीड मिनिटाची काय, कधीकधी अर्ध्या मिनिटाचीच असते आणि खेळणारा लेव्हल संपवेपर्यंत फिरत राहते. तिला शेवट नसतो, कारण त्याची गरजच नसते. स्टेजवर मात्र कुठे तरी थांबायला हवं. मिनीबॉसेस थांबत नाहीत, पुढच्या लेव्हलमध्ये शिरतात, आणि ते सांधे बांधण्यात त्यांचं खरं कसब आहे. आधी त्यांचं कॉन्ट्रा आणि कॅसलव्हेनिया ऐका, मग मेगा मॅन २.

दुसरं नाव दि ॲडव्हान्टेज, कॅलिफोर्नियातल्या नेव्हाडा सिटीचे. पहिला अल्बम २००४ चा, दुसरा २००६ चा. यांचा खाक्या उलटा. फुलवायचं नाही, जे लिहिलंय ते स्वरन् स्वर वाजवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण वाजवायला बसा म्हणजे कळेल. चिपवर कॉर्ड वाजवायला आवाज पुरत नसत, म्हणून संगीतकार एकाच आवाजात कॉर्डचे तीन स्वर इतक्या झपाट्याने आळीपाळीने वाजवत की कानाला ते एकत्र भासत. त्या वेगाने माणसाची बोटं चालत नाहीत. कुणी तिथे साधी कॉर्ड वाजवून मोकळं होतं, कुणी दोन्ही हातांनी तारांवर टॅपिंग करून त्या थरथरीच्या शक्य तितकं जवळ जातं. एखादा बँड या जागी काय करतो एवढं ऐकलं तरी त्याचा कस कळतो. ॲडव्हान्टेजचा ड्रमर स्पेन्सर साइम हेला या बँडमध्ये गिटार वाजवतो. खरखराटातून निघणारे ते ताठ, यंत्रासारखे ठेके तो घामाघूम होऊन जिवंत करतो.

तिसरा बिट ब्रिगेड, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा. यांचं ऐकू नका, बघा. स्टेजवर एक जण खरोखर गेम खेळत असतो, तोही शक्य तितक्या वेगाने संपवायच्या ईर्ष्येने, आणि बँड त्या पडद्याला साथ देतो. दार उघडलं की धून बदलली पाहिजे, बॉस (लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू) आला की त्याची धून सुरू, आणि गेममधला गडी मेला तर तिथल्या तिथे तुटलं पाहिजे. गायक कुठे सम गाठेल यावर डोळा ठेवून बसलेल्या तबलजीची आठवण होते.

मेटल आवडत असेल तर बोस्टनचे पॉवरग्लोव्ह आहेत; मला त्यांच्या जाड गिटारींत मूळची नाजूक दुसरी चाल बुडल्यासारखी वाटते, पण तुमचा कान वेगळा असेल. लॉस एंजेलिसचे दि मेगास मेगा मॅनच्या चालींवर शब्द लिहून गातात. नॅशव्हिलचे प्रोटोमेन त्याही पुढे गेले. त्यांनी २००५ मध्ये मेगा मॅनच्या कथेवर स्वतःचा रॉक ऑपेराच, म्हणजे गाण्यांतून सांगितलेली सलग गोष्टच, रचला, त्यात मूळ चाली शोधू नका.

हे सगळं अमेरिकन पोरांच्या डोक्यातून निघालं असं मात्र समजू नका. जपानात गेम कंपन्यांचेच बँड होते. सेगाचा एसएसटी बँड, टाइटोचा झुनटाटा, कोनामीचा कुकेइहा क्लब. १९९० मध्ये टोकियोत सेगा आणि टाइटोचे बँड एकाच कार्यक्रमात आमनेसामने वाजले, त्याचं रेकॉर्डिंग आजही ऐकवतं. आणि फायनल फॅन्टसी या गेमचे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी सहकाऱ्यांसोबत दि ब्लॅक मेजेस हा बँड काढला आणि २००३ च्या पहिल्या अल्बममध्ये स्वतःच्याच लढाईच्या धुना रॉकमध्ये आणल्या. कार्यक्रमात ऑर्गनवर स्वतः बसायचे. मूळ कर्त्यालाच गिटारीशिवाय चैन पडत नव्हतं, तेव्हा माझा मुद्दा फार ताणलेला नसावा.

जाता जाता एक खुपणारी गोष्ट. त्या काळात बऱ्याच कंपन्या संगीतकारांची खरी नावं छापत नसत; दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून टोपणनावं चालायची. कॅसलव्हेनियाच्या (१९८६) संगीतात किनुयो यामाशिता यांचा मोठा वाटा. पहिली मोठी कामगिरी, आणि गेममध्ये नाव झळकलं 'जेम्स बनाना'. मेगा मॅनच्या (१९८७) मनामी मात्सुमाए यांचंही तेच, टोपणनावाखाली. या दोघींच्या चाली जगभरातले बँड वाजवतात, निदान आपण तरी ऐकताना खरं नाव घेऊ.

प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकायचा असेल आणि वॉशिंग्टनच्या आसपास कुणी नातेवाईक असतील, तर जानेवारीत मेरीलँडमधल्या नॅशनल हार्बरला मॅगफेस्ट भरतं. २००२ पासून चालू आहे, गेमच्या संगीताचे बँड हाच त्याचा कणा.

आणि स्वतः वाजवायची खुमखुमी असेल तर बँडचं रेकॉर्डिंग ऐकून चाल बसवू नका, मूळ गेमवरून बसवा. एनएसएफ नावाच्या फाइल मिळतात, त्यात गेमचं संगीत सुटं मिळतं, वर गोळ्यांचा आवाज चढलेला नसतो. वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाचही आवाज वेगवेगळे बंद-चालू करता येतात. आधी फक्त त्रिकोणी आवाज चालू ठेवा आणि बेसवाल्याला ऐकवा. मग दुसरा चौकोनी आवाज, तो दुसऱ्या गिटारवाल्याला. मुख्य चाल सगळ्यात शेवटी. ती सगळ्यांना पाठच असते. ड्रमरला मात्र थोडी मोकळीक द्या, खरखराटात बास ड्रम आणि सिंबलचा फरक पुसट असतो, तो त्याने आपल्या अकलेने करावा. पहिली धून म्हणून मारिओ घेऊ नका, त्याची लय रॉकची नाही, लाडिक झुलणारी आहे आणि नवख्या बँडच्या हातून हमखास लंगडते. कॉन्ट्राचं जंगल घ्या.